एक जूनची माणसं

त्या दुपारी मशिनरूममधून बाहेर येऊन मी चपला पायात सरकवत होते. आमच्याकडं मशिनरूमच्या दाराशी चपला काढायची पद्धत होती, साहेबांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना. मी वाकलेलीच होते, तर समोर चार अनवाणी पाय दिसले. त्यांच्या वहाणा भिंतीकडेला आधीच नीट लावून ठेवलेल्या. मान वर केली तर पन्नाशीचे दोन कामगार उभे होते, एक उंच आणि एक बुटके. दोघांच्याही तळहातावर कारखान्याचा पितळी बिल्ला, देवळात प्रसाद धरावा तसा.

"म्याडम, एक इचारायचं हुतं," उंच म्हणाले. "कायम कामगारांच्या यादीत आमचं नाव लागलंय."

"मग चांगलंच की. पेढे कुठं आहेत?"

"पेढं आणू की. पर आदी सांगा, लागलेला त्यो मी हाय का ह्यो हाय?"

मला काही उलगडेना. मग बुटके पुढं झाले. "आमचं दोघांचं नाव येकच हाय. बापाचं नाव बी त्येच, आडनाव बी त्येच. हे लासुर्ण्याचं, मी बावड्याचा. आमी हाय दोन, आन् यादीत नाव येकदाच आलंय."

"कॉम्प्युटर चुकत नाही," मी म्हणाले.

हे वाक्य त्या काळात मी दिवसातून चार वेळा म्हणायचे. खोटं कशाला बोलू, म्हणताना बरं वाटायचं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. आजोबांचा जन्म मेंढरांमागं गेला, वडील काटेवाडीला जमीन करून राहिले, आणि मी बारामतीच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन, पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून, इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात प्रोग्रामर म्हणून लागले होते. ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. तोपर्यंत मला तिथं सहा वर्षं झाली होती. मी काटेवाडीहून एसटीनं येजा करायचे, ऑफिसात शुद्ध बोलायचे आणि घरी घरच्यासारखं.

आमचं मशीन मुंबईच्या एका कंपनीनं काढून टाकलेलं मेनफ्रेम होतं. खोलीभर पसरलेलं, कपाटाएवढे टेप फिरवणारे ड्राइव्ह, जमिनीच्या फळ्या उचलल्या की खाली वायरींचं जंगल, आणि बारा महिने एसी. जगात सगळीकडं टेबलावरचे छोटे कॉम्प्युटर आले होते, पण आम्हा तिघांना त्याचं काही वाटत नव्हतं. तिघं म्हणजे साहेब, तात्या आणि मी. साहेबांनी मुंबईत वीस वर्षं पंचकार्डांपासून काम केलेलं. छापील प्रोग्रामच्या शंभर पानांत चुकलेला एक पूर्णविराम ते बोटानं दाखवायचे. तात्या ऑपरेटर. शाळा नववीपर्यंत, पण टेप फिरताना नुसत्या आवाजावरून सांगायचे की ह्याचं डोकं पुसायला झालंय. खंडेनवमीला मशीनच्या कपाटाला पहिलं हळदकुंकू तेच लावायचे.

त्या उन्हाळ्यात कारखान्यानं काही हंगामी कामगारांना कायम करायचं ठरवलं होतं. हंगामी म्हणजे गाळप चालू असेल तेवढे महिने काम, मग घरी. कायम म्हणजे बारा महिने. ज्याचे हंगाम जास्त भरलेले, त्याचा नंबर आधी. ही यादी कॉम्प्युटरनं काढायची होती आणि तिचा प्रोग्राम मी लिहिला होता. यादी नोटीस बोर्डावर लागून दोन दिवस झाले होते. सोमवारी यादीतल्या माणसांची डॉक्टरांकडून तपासणी होती, आणि आज शुक्रवार. एका नावाला एक जागा. म्हणजे समोर उभ्या दोघांतला एकजण सोमवारी घरी बसणार होता, आणि कोण ते त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"जुना तिकीट नंबर सांगा," मी म्हणाले आणि दोघांना बाकावर बसवून आत गेले.

आत टर्मिनलवर नंबर टाकला. लासुर्ण्याच्यांची नोंद आली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख एक जून सेहेचाळीस, हंगाम बारा. मग बावड्याच्यांचा नंबर टाकला. पडद्यावर आलं, नोंद सापडत नाही. परत टाकला. परत तेच. 

बाहेर येऊन विचारलं, "बावड्याचे काका, तुमची जन्मतारीख?"

"जन्मतारीख कुनाला म्हाईत? गुरुजींनी एक जून लिवलीया."

"साल?"

"सेचाळीस. ह्येंची बी तीच. आमी येका वर्गात न्हवतो हां, शाळा येगळी, गुरुजी येगळं." लासुर्ण्याचे हसले. "गुरुजींची डोकी मातर येकसारकी."

मला हसू आलं नाही. 

काय झालं होतं ते सांगते. पूर्वी हंगामी माणसाला दर काही वर्षांनी नवा तिकीट नंबर मिळायचा. त्यामुळं एकाच माणसाच्या नोंदी तीन-तीन नंबरांखाली विखुरलेल्या. त्या गोळा करून एका माणसाखाली आणायच्या होत्या. पण हा एकच माणूस, हे मशीनला कसं कळणार? मी नियम घातला, नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख चारही जुळले की माणूस एकच. एकच हंगाम दोनदा आला, तर तो डबल एंट्री समजून दुसरा वगळायचा. गाव मी मुद्दाम सोडलं होतं, कारण एका हंगामात माणसानं गाव लिहिलेलं असायचं आणि पुढच्या हंगामात वस्ती. साहेबांनी प्रोग्राम तपासताना एकच विचारलं होतं, "जन्मतारखेवर तुमचा भरवसा आहे ना?" आणि मी म्हणाले होते, "साहेब, दोन माणसांचं नाव सारखं असेल, पण जन्मतारीखसुद्धा सारखी कशी असेल?"

हे मी म्हणाले होते. मी! माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी वडिलांना विचारलं, पोरगी कधीची? वडील म्हणाले, मेंढरं कोकणातनं माघारी येताना घाटात झाली. गुरुजींनी लिहिलं एक जून. आमच्या वर्गात माझ्यासह सव्वीसजणांचा वाढदिवस एका दिवशी. पुण्यात कोर्सला असताना मुली वाढदिवसाला केक आणायच्या, तेव्हा मीही एक जूनला आणला होता आणि ही खरी तारीख नव्हे, असं कुणाला सांगितलं नव्हतं. प्रोग्राम लिहिताना मी त्याच पुण्याच्या मुलींसारखा विचार केला होता. साहेब मुंबईचे, त्यांना माहीत नसणं समजू शकतं. मला माहीत होतं.

मी साहेबांकडं गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"आपण आधीचा टेप लावू," ते म्हणाले. "तात्या, एकत्र करण्याच्या आधीची फाइल."

आमच्याकडं टेपांचं चक्र असायचं. आजचा टेप मुलगा, त्याच्या आधीचा बाप, त्याच्या आधीचा आजोबा. नवा मुलगा आला की सगळ्यात जुना आजोबा पुसून त्यावरच पुढचं लिहायचं. मुलगा बिघडला तर बापाकडून, बाप बिघडला तर आजोबाकडून माहिती परत मिळवायची. सगळीकडं हीच रीत होती.

तात्यांनी कपाट उघडलं आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आजोबा मंगळवारीच पुसला."

"आणि हजेरीबुकांवरून एंट्रीवाल्यांनी बाहेर भरून आणलेला मूळ टेप?" मी विचारलं.

"त्यो बी चक्रात घेतला. चांगला टेप हुता, वाया कशाला घालवायचा? तुमीच म्हन्ला, काम झालंय."

मी म्हणाले होते. कामही झालं होतं, माझ्या हिशेबानं.

"मग टाइम ऑफिसची जुनी हजेरीबुकं," साहेब म्हणाले.

बाकावरून बावड्याच्यांनी मान आत घातली. दार उघडंच राहिलं होतं आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. "साहेब, ती बुकं न्हाईत आता. वाळवी लागलीती. कॉम्प्युटरात चढली म्हनून हंगामातच जाळायला आली. मी बॉयलरला हाय. मीच टाकली की माज्या हातानं. दोन गाड्या."

  माणसाच्या अकरा-बारा हंगामांची हजेरी त्यानं स्वतः आगीत घातलेली. आणि ती घालायला परवानगी देणारं पत्र, 'नोंदी पूर्ण झाल्या असून मूळ पुस्तकांची आवश्यकता नाही,' हे मी टाइप केलं होतं. मला ते पत्र अक्षर न् अक्षर आठवलं. त्यातल्या शुद्ध भाषेचाही तेव्हा मला अभिमान वाटला होता.

"म्हंजे मीच न्हाय का यादीत?" बावड्याच्यांनी विचारलं. आवाज साधाच होता. "व्हय तर व्हय म्हना. म्हंजे मी कुठंतरी दुसरीकडं बगतो."

"आसं कसं?" लासुर्ण्याचे उठले. "आन् मी का तुज्या नावावर जाऊ?"

"नाव तुजं बी हायच की."

"गप ए. म्याडम, आमाला अख्खा कारखाना वळखतो. ह्यो बॉयलरवाला, मी गव्हाणीवाला. मी गव्हाणीत ऊस टाकतो, ह्यो चिपाडं जाळतो. कुनाला बी इचारा, पाळीवर कदी घोटाळा झाला न्हाय. हितंच कसा झाला?"

 शेकडो माणसं त्यांना बरोबर ओळखत होती आणि सहा वर्षं चपला काढून ज्या खोलीत मी रुबाबात शिरायचे, त्या खोलीला मात्र ते कळलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "प्रोग्राम वगळलेल्या नोंदी छापतो ना शेवटी? ती पानं कुठं आहेत?"

छापल्या होत्या. गेल्या आठवड्यात यादी छापली तेव्हा तिच्या मागं चौदा पानं आली होती, वगळलेल्या नोंदींची. मी त्यातलं पहिलं पान वाचलं होतं. त्यावर सगळ्या खऱ्याच डबल एंट्री होत्या. मी बरोबरची खूण केली, ते पान फाइलला लावलं आणि बाकीची तेरा पानं उलटून पाहिली नाहीत. हे सगळं मी साहेबांना सांगितलं.

"शनिवारी रद्दी वाटली तवाच गेली असतील," तात्या म्हणाले. आमच्याकडचा छापायचा कागद हिरव्या पट्ट्यांचा, लांबरुंद, एका बाजूनं कोरा. दर शनिवारी तात्या वापरलेल्या कागदाचे गठ्ठे करून वाटायचे. कुणी पोरांना वह्या शिवायचं, कुणी पुस्तकांना कव्हरं घालायचं. "ह्या खेपेला गठ्ठा कुनी नेला...?" ते आठवू लागले.

आणि मला दिसलं, गठ्ठा मीच घरी नेला होता. सकाळी डबा भरताना आईनं लोणच्याची बरणी काढली होती. बरणीखालचा कागद नवा होता, हिरव्या पट्ट्यांचा. त्यावर मी लिहिलेला मथळा होता. मी रोज बघते तसा बघितला आणि पोळी गुंडाळून घेतली.

"आमच्या मांडणीवर हाय," मी म्हणाले. सहा वर्षांत ऑफिसात पहिल्यांदा माझ्या तोंडून घरची भाषा निघाली. "आमच्या घरात, मांडणीवर हातरलाय आईनं."

साहेबांनी जीप मागवली. पुढं साहेब, मागं मी, लासुर्ण्याचे आणि बावड्याचे. वाटेत लासुर्णे आलं तेव्हा बावड्याचे म्हणाले, "उतर आता. तुजं तर नाव लागलंय." लासुर्ण्याचे म्हणाले, "कागूद बगितल्याबिगर मी न्हाय उतरत. निघालं तर तुजं निघालं, माजं गेलं, असं व्हायचं." दोघंही हसले. मी बाहेर उसाकडं बघत राहिले.

जीप दारात थांबली तशी आई पदर सावरत बाहेर आली. साहेबलोक बघून तिनं आधी आधण ठेवलं. मी म्हणाले, "च्या नंतर. मांडणी रिकामी करायची हाय."

"का गं? काय झालं?"

"खालचे कागद पायजेत."

"परवाच चुना देऊन हातरलेत! आन् तुला ह्येंच्या म्होरं काढायचेत?"

पण माझं तोंड बघून ती गप्प झाली आणि डबे उतरवू लागली. साहेबांनीही हात लावला. शेंगदाण्याचा डबा, डाळीचा डबा, बरण्या, एकेक खाली ओळीनं. एकेका फळीवरून कागद निघाला. तेराच्या तेरा पानं होती. आणि प्रत्येक पानाची पुढची कड आईनं कात्रीनं कातरलेली. मांडणीवरून खाली लोंबणारी नक्षी, शंकरपाळ्याच्या आकाराची, आमच्याकडं सगळ्याच घरांत करतात तशी. फार सुरेख कापली होती.

जमिनीवर कागद पसरून साहेब आणि मी गुडघ्यावर बसलो. तिसऱ्या फळीच्या कागदावर सापडलं. जुना तिकीट नंबर, गाव बावडा, आणि त्याखाली हंगाम एकाखाली एक. साहेब पेन्सिलीनं खुणा करत गेले. नऊ सापडले. मग ओळी कडेशी आल्या आणि कडेला शंकरपाळे. दोन हंगाम कापलेल्या जागेत गेले होते.

"आई, कापलेले तुकडे कुठंयत?"

"चुलीत घातलं," आई म्हणाली. तिला काहीतरी भलतंच झाल्याचं कळलं होतं. "मला काय म्हाईत, त्यात माणसं हायत म्हनून?"

मी तिच्याकडं बघू शकले नाही. तिला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

"नऊवर भागंल का?" बावड्याच्यांनी विचारलं.

साहेबांनी यादी काढली. शेवटच्या माणसाचे हंगाम दहा होते. नऊवर भागत नव्हतं.

तेव्हा लासुर्ण्याचे भिंतीला टेकून बसले होते, ते पुढं सरकले. "ते दोन सीजन म्या सांगतो. येक, ज्या साली गव्हाणीची साखळी तुटून माजा हात सापडला, तवा मला दवाखान्यात ह्येनं न्हेलं. पाळी सोडून न्हेलं म्हनून ह्येला मेमो दिलता. मेमो हाय ह्येच्याकडं, पत्र्याच्या पेटीत. दुसरा त्येच्या आदला. ते बी आमी येका पाळीला हुतो. मेमोवर सुपरवायझरची सही हाय, त्येलाच इचारा, अजून कामावर हाय."

"पुरावा लागतो," साहेब म्हणाले, पण हळू.

"मी हाय की पुरावा. त्येच नाव, त्येच बाप, तीच जनमतारीख. साक्षीला कोन चालतं तुमच्यात?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मेमो घेऊन उद्या सकाळी या. सुपरवायझरला मी बोलावतो."

शनिवारी मेमो आला, सुपरवायझर आला, त्यानं दोन्ही हंगामांवर सही केली. मास्टर फाइलमध्ये हातानं काही बदलायचं तर आमच्याकडं एक पिवळा फॉर्म भरावा लागायचा, त्यात बदलाचं कारण आणि दोन सह्या. मी हंगाम भरले. कारणाच्या ओळीशी थांबले.

"यांत्रिक दोष लिहा," साहेब म्हणाले. "मशीन जुनं आहे, कुणी विचारणार नाही. आणि प्रोग्राम मी तपासलाय. तुमच्याबरोबर मलाही उत्तर द्यावं लागेल."

ते माझ्या भल्यासाठीच म्हणत होते. तात्याही म्हणाले, "लिवा वो. मशीन काय रागावतंय?"

मी लिहिलं, प्रोग्राममधील चूक. जन्मतारीख ही खूण मानली, ती खूण नव्हती. खाली सही केली, सबंध नाव लिहून. साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला, आणि माझ्या सहीशेजारी सही करून टाकली.

मग त्या तेरा पानांचा एकेक माणूस आम्ही तिघांनी बसून तपासला. तात्या गाव वाचायचे, मी तिकीट नंबर, साहेब खूण करायचे. एक जूनच्या आणखी दोन जोड्या निघाल्या. त्यातली दोन माणसं यादी बघून मुकाट घरी गेली होती, विचारायलाही आली नव्हती. तात्यांनी निरोप धाडला तेव्हा एकजण म्हणाला म्हणे, कॉम्प्युटरनंच काढलंय, तर मी काय भांडू?  मी रोज म्हणायचे तेच वाक्य तो मला परत देत होता. त्या दोघांचेही हंगाम भरत होते. तिघांचीही नावं घालून नवी यादी करायची ठरलं.

सोमवारी सकाळी आठला मी नवी यादी छापून, तात्यांबरोबर स्वतः जाऊन नोटीस बोर्डावर लावली. लासुर्ण्याचे आणि बावड्याचे आधीच उभे होते, पेढ्यांचा पुडा घेऊन. यादीत ते नाव आता दोनदा होतं, एकाखाली एक. नाव तेच, वडील तेच, एक जून सेहेचाळीस तीच.

दोघांनी बराच वेळ बघितलं. मग बावड्याच्यांनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "म्याडम, ह्यातला मी कोनचा?"

मी यादीकडं बघितलं आणि गारच पडले. गावाचा रकाना छापायचा पुन्हा राहिला होता. प्रोग्रामात गाव घातलं, तपासलं, मोजलं, आणि कागदावर आणायचंच विसरले.

तात्यांच्या खिशातला पेन ओढून घेतला आणि बोर्डाशी उभी राहून मी हातानं लिहिलं, वरच्या नावापुढं लासुर्णे, खालच्या नावापुढं बावडा. शेजारी माझी सही केली. लासुर्ण्याच्यांनी पुडा उघडून आधी बावड्याच्यांना पेढा दिला, मग मला. आणि दोघं डॉक्टरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, एकामागं एक.